गर्दीचा रस्ता, लिनोचा ठसा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गजबजलेल्या रस्त्यांची छापचित्रं करते. बहुतेक लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून छापलेली, मधूनच एखादं लाकडाच्या ठशाचं, क्वचित ड्रायपॉइंट, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर सुईने ओरखडून छापलेलं. चित्रं बघायला येणारे आणि शिकायला येणारे लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात, त्याची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. काही उत्तरं फार लांबली आहेत. तिथे माझे हातही तितकाच वेळ अडकलेले असतात.

मूळ चित्र कुठे आहे?

नेहमी पहिला येणारा प्रश्न. तुमच्यासमोर भिंतीवर आहे तेच मूळ.

कागदावर शाई उतरेपर्यंत चित्र असं काही नसतंच. त्याआधी टेबलावर असते ती खाचाखोचांची एक तपकिरी लादी आणि वहीत असतात ते गिचमिड आराखडे. त्यांपैकी कशालाच मी चित्र म्हणणार नाही. तीस प्रती काढल्या तर तीसही मूळ, कारण प्रत्येकीवर मी स्वतः शाई लावलेली असते, प्रत्येक ताव हाताने ठेवलेला आणि उचललेला असतो. रंगवलेल्या चित्राचा फोटो काढून डिजिटल प्रिंटरवर छापला तर ती प्रतिकृती. दोन्हींना लोक ‘प्रिंट’च म्हणतात, त्यामुळे हा घोळ कायमचाच आहे.

रस्त्यांसाठी छापचित्रच का? रंगवत का नाही?

आधी रंगवतच होते. अडचण अशी की रंगवताना मला थांबता यायचं नाही. इथे एक सायकलवाला हवा, तिथे एक छत्री हवी, असं करत करत चित्र इतकं भरायचं की रस्ता दिसेनासा व्हायचा.

लिनोत उलटा कारभार. जे कोरून टाकाल ते छापलं जात नाही, जे ठेवाल ते छापलं जातं. सुरुवातीला ठसा म्हणजे नुसता काळा आयत, सगळी गर्दी त्यात आधीच गच्च भरलेली. मग माझा सारा वेळ जातो तो तिथून वस्तू काढून टाकण्यात, पुरेसा उजेड आत येईपर्यंत. काढलेलं परत घालता येत नाही, म्हणून प्रत्येक माणूस ठेवायचा की घालवायचा याचा निकाल लावावाच लागतो. माझ्यासारख्या धरसोड बाईला ही शिस्त मानवली.

फेलिक्स व्हालोताँ या चित्रकाराने १८९३ साली पॅरिसमधल्या निदर्शनाचं एक लाकूडछाप केलं. माणसं पळतायत, आणि चित्राचा मोठा भाग नुसता पांढरा, मोकळा रस्ता आहे. गर्दी किती होती हे त्या कोऱ्या जागेवरून कळतं. ते बघून मी रंगांच्या ट्यूबा कपाटात टाकल्या असं म्हटलं तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण थोडीच.

लिनो म्हणजे नेमकं काय?

फरशीवर अंथरायचं लिनोलियम. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज माणसाने १८६० च्या दशकात ते काढलं. जवसाचं तेल हवेत घट्ट होऊ द्यायचं, त्यात राळ आणि बुचाची भुकटी मिसळायची आणि तो लगदा तागाच्या कापडावर दाबून बसवायचा. लाकडासारखे रेषे नसल्यामुळे कोरणी कुठल्याही दिशेला सारखीच चालते. रस्त्यावरची माणसं काही रेषांच्या दिशेने चालत नाहीत, तेव्हा मला हे सोयीचं. जुना लिनो वाळून चिरफाळतो. ऊब दिली की मऊ येतो, म्हणून मी कोरण्याआधी तो थोडा वेळ उन्हात ठेवते.

रस्त्यावर बसून कोरता का?

नाही हो. रस्त्यावर फक्त खिशात मावणारी वही आणि बॉलपेन. पेन्सिल नेत नाही, कारण पेन्सिल नेली की खोडायचा मोह होतो.

एकच कोपरा धरते आणि तिथे सात-आठ वेळा जाते, दर वेळी वीसेक मिनिटं. पहिल्या दोन खेपा बहुधा वाया जातात. तेव्हा डोळ्यांत भरतं ते फक्त ठळक : बस, सिग्नल, मोठी पाटी. तिसऱ्या खेपेपासून सवयी दिसायला लागतात. सिग्नल सुटल्यावर माणसं एकदम सांडतात आणि पलीकडे पोचेपर्यंत त्यांची दोरीसारखी लांबट रांग होते. समोरासमोरून येणारे दोन लोंढे एकमेकांवर आदळत नाहीत. कुणी न सांगता त्यांच्यात आपोआप ओळी पडतात, एकामागे एक. सगळ्यांची घाई सारखी नसते. खांबाला टेकून उभा असलेला एक माणूस सापडतोच, आणि त्याच्याभोवतीची गर्दी ओढ्यातल्या दगडाभोवतीच्या पाण्यासारखी दुभंगते.

वहीत मी चित्रापेक्षा शब्द जास्त लिहिते. ‘चार वाजून दहा. सावल्या डावीकडे, लांबीला माणसाच्या दीडपट. कोपऱ्यावर पाचजणांचा गठ्ठा, मग मोकळं, मग दोघं.’ घरी आल्यावर हेच उपयोगी पडतं.

फोटो काढलात तर सोपं नाही का जाणार?

फोटो काढते, पण इमारतींचे. खिडक्या किती, गच्चीचा कठडा कसा, तारा कुठल्या खांबावरून कुठे जातात, एवढ्यासाठी. माणसांसाठी फोटो मला फसवतो. सेकंदाच्या शंभराव्या भागात पकडलेला चालणारा माणूस बऱ्याचदा लंगडणाऱ्यासारखा दिसतो, कारण ती ढब आपला डोळा कधी बघतच नाही.

जुन्या फोटोंचं दुखणं याच्या नेमकं उलटं होतं. लुई दागेरने १८३८ मध्ये पॅरिसच्या बुलव्हार द्यु ताँप्ल या रस्त्याचा फोटो घेतला. वर्दळीचा रस्ता, पण फोटोत ओसाड. प्रकाश घ्यायला इतका वेळ लागायचा की जे हलत होतं ते पुसलं गेलं. उरला तो एक माणूस, बूट पॉलिश करून घेताना एका जागी थांबलेला. तो एकटा माणूस मला फार आवडतो. माझ्या बहुतेक चित्रांत असा थांबलेला कुणीतरी असतोच, आणि तो कुठून आला हे आता तुम्हाला कळलं.

इतकी माणसं काढता कशी?

इथे जरा बसा, कारण खरं काम हेच आहे.

आधी उंची ठरवायची, म्हणजे बघणारा कुठे उभा आहे ते. तुम्ही सपाट रस्त्यावर उभे असाल तर तुमच्याएवढ्या उंचीच्या प्रत्येक माणसाचं डोकं क्षितिजाच्या रेषेवर येतं, मग तो दहा फुटांवर असो की दोनशे. लांबच्या माणसाचे पाय तेवढे वर सरकतात. हे एकदा डोक्यात बसलं की गर्दी तरंगत नाही. नवशिक्यांच्या चित्रात लांबची माणसं हवेत लटकल्यासारखी दिसतात त्याचं कारण हेच : डोकी खाली-वर झालेली असतात. पण या उंचीवरून गर्दी म्हणजे डोक्यांची एक भिंत होते आणि रस्ता झाकला जातो. म्हणून मी बहुधा पहिल्या मजल्याची उंची घेते. तिथून माणसांच्या मधली जमीन दिसते, आणि ती जमीन मला माणसांपेक्षा जास्त लागते. चौथ्या मजल्यावर गेलात तर माणसांचे ठिपके होतात आणि सगळं नकाशासारखं दिसतं.

मग गठ्ठे. गर्दी कधीच सारखी पसरलेली नसते. माणसं सारख्या अंतरावर मांडली की कवायत दिसते. मी आराखड्यावर आधी नुसते काळे डाग टाकते, माणसं नाहीत. एक मोठा डाग, दोन मधले, बाकी सुटे ठिपके. डाग आणि मोकळी जागा यांचं जमलं की मगच डागांना पाय फोडते.

आता प्रत्यक्ष कोरणं. मधल्या अंतरावरचा माणूस माझ्या ठशावर साधारण बारा मिलिमीटर उंच असतो. त्याला मी तीनच घाव देते. व्ही आकाराच्या बारीक कोरणीने दोन पायांमध्ये खालून वर एक उभी चीर, चालणारा असेल तर किंचित तिरकी. मानेपाशी एका बाजूने टोचा, म्हणजे डोकं धडापासून सुटतं. तिसरा घाव हात आणि अंगाच्या मध्ये, आणि तिथेच ठरतं की त्याच्या हातात पिशवी आहे की तो मोकळा आहे. चौथा घाव दिला की माणूस बिघडतो. हे मी बऱ्याच माणसांच्या जिवावर शिकले आहे. लांबच्या लोकांना तेवढंही नाही. काळ्या पट्ट्याच्या वरच्या कडेला चार-दोन गोल उंचवटे ठेवले की डोळा बाकीची डोकी स्वतः मोजतो.

एका मोठ्या चौकाच्या चित्रात ‘हजारभर माणसं असतील नाही?’ असं एका पाहुण्यांनी विचारलं, म्हणून आम्ही दोघांनी बसून मोजली. ज्यांना डोकं, धड आणि पाय तिन्ही आहेत अशी त्रेचाळीस भरली.

चित्र उलटं छापलं जातं, मग पाट्या आणि वाहनं कशी जमवता?

आराखडा ट्रेसिंग पेपरवर घ्यायचा, कागद पालथा करायचा आणि खाली कार्बन ठेवून लिनोवर उतरवायचा. दोन मिनिटांचं काम, आणि मी ते एकदा विसरले. चित्र छापून झालं, सुंदर आलं, आणि शेजारच्या मुलीने विचारलं, ‘सगळ्या गाड्या चुकीच्या बाजूने का चालल्यात?’ अख्खा रस्ता वाहतुकीचे नियम मोडत होता. पाट्या मुद्दाम अस्पष्ट ठेवल्या होत्या, म्हणून आठवडाभर मलाच ते कळलं नव्हतं. तेव्हापासून टेबलाशेजारी आरसा ठेवलाय. कोरताना अधूनमधून त्यात बघायचं.

देवनागरी अक्षरं उलटी कोरताना एक खोड आहे : शिरोरेखा वरच्या वर राहते, त्यामुळे उलटा शब्दही लांबून ठीकच वाटतो आणि डोळा फसतो. आरशावाचून कोरू नका.

उलटेपणाची सगळ्यांनाच फिकीर नसते म्हणा. व्हिसलर या अमेरिकन चित्रकाराने १८७९-८० मध्ये व्हेनिसमध्ये तांब्याच्या पत्र्यावर समोर दिसेल तसं थेट कोरलं. छापल्यावर शहर उजव्याचं डावं झालं. त्याने ते तसंच राहू दिलं.

एकाच ठशातून पाच-सहा रंग कसे निघतात?

या पद्धतीला रिडक्शन म्हणतात. मी तिला ‘घटत जाणारा ठसा’ म्हणते. पिकासोने १९५० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत बरीच वापरली आणि तिचं नाव झालं. त्याआधीची रुळलेली रीत म्हणजे दर रंगाला वेगळा ठसा. जपानी लाकूडछापांत तसंच असतं.

उदाहरण घेऊ. पाऊस नुकताच थांबलाय, संध्याकाळ, चौक. कागदाचा पांढरा हा माझा सगळ्यात झगझगीत दिवा. म्हणून गाड्यांचे हेडलाइट, छत्रीच्या कडेवरची चकाकी, पांढरे पट्टे एवढंच आधी कोरून टाकते. मग अख्ख्या ठशावर फिकट पिवळी-राखाडी शाई लावून सगळे ताव छापते. सगळे म्हणजे सगळे. आता जे पिवळट राहायला हवं, समजा खिडक्यांतला उजेड आणि ओल्या रस्त्यावरचं त्याचं प्रतिबिंब, ते कोरून टाकायचं आणि त्याच ठशाने त्याच तावांवर पुढचा रंग. मग विटकरी, मग निळसर राखाडी, मग गडद निळा, शेवटी जवळजवळ काळा. दर पायरीला ठसा उणा होत जातो आणि कागद गडद.

परतीचा रस्ता नाही. तिसरा रंग छापताना वाटलं की दुसऱ्या रंगाच्या चार प्रती आणखी हव्या होत्या, तर तो ठसा आता जगात नाही. त्यामुळे तीस प्रती हव्या असतील तर मी अडतीस ताव घेऊन बसते. कुठे बोट उमटतं, कुठे ताव सरकतो, कुठे शाई कमी पडते. शेवटी अठ्ठावीस ते तीस वाचतात.

रंगांचं गणितही लक्षात ठेवावं लागतं, कारण वरची शाई खालच्याला पूर्ण झाकत नाही. पिवळ्यावर पातळ निळा बसला की हिरवट होतो. संध्याकाळचं आकाश हिरवट झालेलं माझं एक चित्र आहे. लोक त्याला ‘धाडसी’ म्हणतात. मी काही बोलत नाही.

रंग जागच्या जागी कसे बसतात?

खाचांनी. जपानी ठसेकार अठराव्या शतकापासून केंतो नावाच्या दोन खुणा वापरतात : एका कोपऱ्यात काटकोनी खाच आणि त्याच कडेवर थोड्या अंतरावर एक सरळ खाच. कागदाचा कोपरा पहिल्या खाचेत, कड दुसऱ्या खाचेत, मग कागद खाली सोडायचा. मी जाड पुठ्ठ्याच्या चौकटीत ठसा बसवते आणि खाचा त्या चौकटीवर करते, तत्त्व तेच.

चूक किती चालते? डोंगर असता तर एक मिलिमीटर चालला असता. माझ्या माणसाचं डोकं दोन मिलिमीटरचं. अर्धा मिलिमीटर सरकलं तर प्रत्येकाच्या डोक्याशेजारी एक फिकट डोकं उगवतं, सगळी गर्दी टोप्या घातल्यासारखी. कोरण्यापेक्षा या भागात माझा जीव जास्त जातो. कागद दमट हवेत फुगतो आणि कोरड्या हवेत आकसतो, म्हणून अनेक रंगांचं काम मी कागद न भिजवता करते आणि सगळे ताव सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच खोलीत ठेवते.

शाई पुरेशी लागली हे कसं कळतं?

कानाने. काचेवर शाई रोलरने पसरवताना आधी ती चपचप वाजते, म्हणजे जास्त आहे. पसरत गेली की आवाज बारीक होत जातो आणि एका क्षणी नुसती एकसारखी सळसळ उरते, रेशमी कापड ओढल्यासारखी. तेव्हा काचेकडे तिरकं बघा, पृष्ठभाग मखमलीसारखा दिसेल. संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत दिसला तर अजून फिरवा. शाई जास्त झाली तर पहिल्यांदा बळी जातात ते पाय, कारण त्या बारीक चिरा बुजतात आणि माणसं घागरा घातल्यासारखी दिसतात.

मी तेलाची शाई वापरते. एक थर वाळायला दोन ते पाच दिवस, वर आणखी थर असतील तर त्याहून जास्त.

प्रेस लागतोच का?

नाही. लाकडी चमच्याच्या पाठीने घासूनही उत्तम छाप येतो, ठसा वहीच्या पानाएवढा असेल तर. मोठ्या सपाट काळ्यासाठी मात्र प्रेस बरा. खांदे आपलेच असतात.

चित्रातला वेग कुठून येतो?

वाकलेल्या रेषांतून आणि पुनरुक्तीतून. १९२६ पासून लंडनच्या ग्रॉव्हनर स्कूल ऑफ मॉडर्न आर्टमध्ये क्लॉड फ्लाइट लिनोकट शिकवत होता. त्याच्याभोवतीच्या चित्रकारांनी बस, भुयारी रेल्वे, सरकते जिने हे विषय घेतले आणि सरळ इमारतीसुद्धा धनुष्यासारख्या वाकवल्या. सिरिल पॉवरची भुयारी स्थानकं बघा. बाह्यरेषेचा वेगळा काळा ठसा त्यांनी टाळला. नुसत्या रंगांच्या आकारांनीच चित्र उभं केलं, त्यामुळे कडा बंदिस्त होत नाहीत आणि आकार पुढे घसरल्यासारखे वाटतात.

मी त्यांच्याइतकी वाकवत नाही. माझी युक्ती साधी आहे : कोरणीचे घाव चालणाऱ्याच्या दिशेने द्यायचे. रस्त्याची जमीन साफ करताना लिनोत बारीक उंचवटे राहतात आणि त्यांवर थोडी शाई लागते. तिला चटरमटर म्हणा. पुष्कळजण ती काढून टाकतात. मी ती ठेवते, फक्त तिची दिशा माझ्या हातात असते.

ओला रस्ता कसा दाखवता?

तिथे लिनो बाजूला ठेवून प्लायवूड घेते. तारांच्या ब्रशने रेषांच्या दिशेने घासलं की मऊ भाग झिजतो आणि कठीण रेषे वर राहतात. त्यावर हलकी शाई लावून छापलं की पाण्याने चकाकणारा डांबरी रस्ता तयार, त्यात मला काहीच कोरावं लागत नाही. माणसांचा लिनो त्याच्यावर छापायचा.

आणि रात्र?

लिनोतली रात्र कडक येते, दिवा तरी आहे नाहीतर काळोख तरी. धूसर रात्र हवी असेल तर ड्रायपॉइंट. तांब्याच्या पत्र्यावर टोकदार सुईने ओरखडा काढला की बाजूला धातूची बारीक कड उठते. ती कड शाई धरून ठेवते आणि रेषेला मखमली कडा येते. प्रेसच्या दाबाखाली ती लवकर दबते, म्हणून ड्रायपॉइंटच्या चांगल्या प्रती थोड्याच निघतात. मार्टिन लुईस या चित्रकाराने १९२० आणि ३० च्या दशकांत न्यू यॉर्कच्या रात्री या पद्धतीने केल्या. दिव्याखालून जाणारी माणसं, फुटपाथवर पसरलेल्या लांब सावल्या. अमेरिकन चित्रकार एडवर्ड हॉपरचं १९२१ चं रात्रीच्या सावल्यांचं एचिंग (पत्र्यावर आम्लाने रेषा उतरवून केलेलं छापचित्र) उंचावरून बघितलेलं आहे : एक माणूस, एक सावली, बस्स. गर्दीच्या रस्त्याची रात्र दाखवायला एक माणूस पुरतो हे मला पटतं, पण माझ्याच्याने अजून झालेलं नाही.

चूक झाली तर दुरुस्त होते का?

चुकून उडालेला तुकडा सापडला तर गोंदाने जागच्या जागी बसतो. खोल खड्डा लाकडाला लावतात त्या पुट्टीने भरून, घासून सपाट करता येतो, पण तिथे शाई जराशी वेगळी लागते. बहुतेक वेळा मी चित्रच बदलते. एका बाईचं डोकं माझ्या हातून गेलं, तर तिला छत्री दिली.

रस्त्यावरच्या लोकांची परवानगी घेता का?

माझ्या माणसांना चेहरे नसतात. दोन मिलिमीटरमध्ये ओळखीचा चेहरा मावत नाही. ओळख राहते ती चालीत : पोक काढून चालणारा, हात जोरात हलवणारा. कुणी समोर बसून दिलेलं मोठं रेखाटन असेल तर विचारूनच.

प्रतीखाली ७/३० असं लिहिलंय, त्याचा अर्थ?

तीस प्रतींच्या आवृत्तीतली सातवी. सातवी म्हणजे तिसाव्यापेक्षा चांगली असं मुळीच नाही. घटत्या ठशात सगळ्या प्रती बरोबरच वाढतात. ड्रायपॉइंटमध्ये मात्र आधीच्या प्रती खरंच ताज्या असतात. आवृत्तीखेरीज चित्रकार स्वतःसाठी दोन-तीन प्रती ठेवतो, त्यांवर आकड्याऐवजी तशी नोंद असते. सही आणि आकडा पेन्सिलीने करतात. पेन्सिल फिकी पडत नाही आणि कागदात पसरत नाही.

एका चित्राला किती वेळ लागतो?

अडीच ते तीन महिने. त्यातलं कोरणं तीन आठवड्यांचं. बाकी वाळण्याची वाट बघणं.

साफसफाई कशी करता?

खाद्यतेलाने शाई सैल करायची, चिंधीने पुसायची, मग साबण. एक गोष्ट गंभीरपणे सांगते : जवसाच्या तेलाच्या शाईने भिजलेल्या चिंध्या बोळा करून डब्यात कोंबू नका. ते तेल हवेशी संयोग पावताना तापतं आणि बोळ्यातली उष्णता बाहेर जात नाही, त्यामुळे चिंध्या आपोआप पेटू शकतात. पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा.

मला सुरुवात करायची आहे. काय घेऊ?

हाताच्या पंज्याएवढा लिनो, एक व्ही आकाराची आणि एक रुंद यू आकाराची कोरणी, छोटा रोलर, काळी शाई, लाकडी चमचा. रंगांच्या नादाला वर्षभर लागू नका. ठशावर आधी पातळ रंगाचा हात मारा, म्हणजे कोरलेली जागा फिकी दिसते आणि छापल्यावर काय येईल याचा अंदाज राहतो.

ठसा धरणारा हात नेहमी कोरणीच्या मागे. धार बोथट असेल तर जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की कोरणी सटकते. माझ्या डाव्या अंगठ्यावर याची खूण आहे. पंधरा-वीस मिनिटांनी चामड्याच्या पट्ट्यावर धार फिरवून घ्या.

आणि पहिलाच विषय चौक घेऊ नका. बसथांबा घ्या. माणसं थांबलेली असतात.

फ्रेम करताना काय सांभाळायचं?

आम्लरहित माउंट घ्या, काच कागदाला टेकू देऊ नका, ताव फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी चिकटवा म्हणजे कागदाला फुगायला-आकसायला वाव राहतो. थेट उन्हात लावू नका.

छपाई संपल्यावर ठशाचं काय करता? विकता का?

पत्र्याची आवृत्ती संपली की त्यावर आडवा ओरखडा मारतात, म्हणजे पुन्हा छापता येऊ नये. घटता ठसा आधीच संपलेला असतो. त्यावर शेवटच्या रंगापुरतं उरलेलं असतं : केस, टायर, बसच्या पोटाखालचा काळोख, छत्र्यांच्या आतल्या बाजू, बुटांचे तळ. अंगं, कपडे, खिडक्या सगळं केरात गेलेलं. विकायला मन होत नाही आणि टाकायलाही. काही मी खिळ्यांवर टांगले आहेत. चौकाच्या ठशावर सध्या रोलर वाळत असतात.